डावखुरा टाका

बार्ब्रोने चिमट्याने साखरेचा दाणा उचलला आणि काचेच्या पेटीच्या फटीसमोर, अरुंद कट्ट्यावर ठेवला. पेटीतला अकरा नंबर पुढे आला. या जातीच्या उंदरांच्या अंगावर केस नसतात. गुलाबी, सुरकुतलेली कातडी आणि डोक्यावर शस्त्रक्रियेचा वण, असा एकूण अवतार. अकरा नंबरने फटीतून उजवा पंजा बाहेर काढला, दाण्यावर ठेवला आणि बोटं मिटली. दाणा उचलला गेला. बार्ब्रो श्वास रोखून पाहत राहिली. पंजा तोंडापाशी आला आणि ऐन वेळी बोटं सैल पडली. दाणा पेटीच्या तळाशी घरंगळला, आणि अकरा नंबरने तो तिथून निवांत खाऊन टाकला.

खाल्ला तर खरा. पण नियम असा, की पंजाने उचललेला दाणा थेट तोंडात गेला तरच एक. वाटेत पडला की शून्य, मग तो खाल्ला काय आणि न खाल्ला काय.

"लबाडा," ती पुटपुटली, "नाकापर्यंत तर आणला होतास."

तिने वहीत शून्य लिहिलं. विसातला हा सतरावा दाणा होता आणि अकरा नंबरच्या नावावर आतापर्यंत चार लागले होते.

दार किलकिलं करून रोयाने डोकं आत घातलं. रोया तिशीतली, आईबापांचं बोट धरून तेहरानहून स्वीडनला आलेली. हा सगळा प्रयोग तिच्या प्रबंधाचा होता.

"बार्ब्रो, साडेनऊ झाले. कॉफी थंड होतेय, आणि लेनार्ट तुझ्या वाटणीच्या पावाकडे बघतोय."

"तीन दाणे राहिलेत."

"किती झाले त्याचे?"

"पाकीट उघडेल तेव्हा कळेल. दार लाव, तो बिचकतो."

रोया हसत गेली. लुंडमधल्या त्या इमारतीत प्राध्यापकापासून पिंजरे धुणाऱ्यापर्यंत सगळे एकमेकांना अरे-तुरे करत आणि सगळे आपापला कप स्वतः विसळत. तरीही परीक्षेच्या वेळी बार्ब्रोचं दार उघडायची हिंमत फक्त रोयाच करी. एकतीस वर्षं बार्ब्रो त्या खोलीत बसून उंदरांचे पंजे पाहत आली होती. मार्चअखेर ती निवृत्त होणार होती, आणि हे तिचं शेवटचं काम होतं.

काम म्हटलं तर सोपं होतं. ऑगस्टमध्ये सोळा उंदरांच्या मेंदूत, उजवा पंजा चालवणारा जो भाग असतो, त्याचा रक्तपुरवठा तोडण्यात आला. माणसाला पक्षाघाताचा झटका येतो तसा हा मुद्दाम आणलेला झटका. मग त्यातल्या आठांच्या मेंदूत, मेलेल्या जागेच्या कडेला, कोवळ्या चेतापेशी सोडल्या. माणसाच्या कातडीच्या पेशी घेऊन, त्यांना गर्भातल्या पेशींसारख्या मूळ अवस्थेपर्यंत मागे नेत, पुन्हा नव्याने वाढवून बनवलेल्या चेतापेशी. परक्या पेशींना हुसकून लावायची ताकद या बिनकेसाच्या जातीत नसते, म्हणून त्या तिथे टिकतात. उरलेल्या आठांना नुसतं पाणी, म्हणजे पेशी ज्यात ठेवतात तो द्राव. कुणाला काय मिळालं ती यादी पाकिटात, पाकीट प्रयोगशाळेचा प्रमुख असलेल्या लेनार्टच्या कपाटात. जो मोजतो त्याला ते कळता कामा नये, म्हणून शस्त्रक्रियेच्या दिवशी बार्ब्रोने इमारतीत पाऊलही टाकायचं नाही असा दंडक होता. आशा लागली की डोळ्यांना नको ते दिसायला लागतं, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं.

बार्ब्रोला या पेशींचं मनापासून अप्रूप होतं. आधीच्या एका प्रयोगातले मेंदूचे काप तिने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते. एका जागी सोडलेल्या पेशीने बारीक धागा काढला होता. तो धागा वळणं घेत, मेलेली जागा ओलांडत, मेंदूच्या पार दुसऱ्या अर्ध्यात जाऊन पोचला होता, आणि तिथल्या पेशींशी त्याने गाठ मारली होती. कुणाची कातडी, कुणाचा मेंदू. वाट दाखवणारं कुणी नाही, हाक मारणारं कुणी नाही, तरी नेमकं जिथे जायचं तिथेच. त्या दिवशी ती कॉफीला गेलीच नाही. घरी येऊन तिने ते रुनेला दोनदा सांगितलं.

रुने तिचा नवरा. जन्मभर सुतारकाम केलेला माणूस. तीन वर्षांपूर्वी सकाळी दाढी करताना वस्तरा हातातून पडला तो पडलाच. बोलणं हळूहळू परत आलं, पाय आला, उजवा हात राहिला.

घोटाळा झाला तो टाके काढताना. दहाव्या दिवशी टाके काढायचं काम बार्ब्रोचंच असे. चाळीस वर्षं घरचे पडदे, मुलींचे झगे, रुनेचे सदरे शिवलेली बाई. टाका दिसला की तो कोणत्या हाताचा ते तिला विचार न करता कळायचं. आठ डोक्यांवरचे टाके उजवीकडे कलले होते, आठांवरचे डावीकडे. डावीकडे कललेला टाका डावखुऱ्याचा, आणि तिथे शस्त्रक्रिया करणाऱ्यांत डावखुरा एकच, हेन्रिक. सुई घालायचं काम सगळ्यांवर रोयाच करायची. हेन्रिक टाके घालायचा. मग निम्मे टाके रोयाने का घातले? कारण हेन्रिकची मुलगी पाळणाघरात होती. मुलीला ताप आला म्हणून फोन आला असेल आणि गडी दुपारी हातमोजे काढून निघाला असेल. बाप असा निघाला तर इथे कुणी भुवई उंचावत नाही. म्हणजे डावखुरे टाके सकाळचे, दुसरे दुपारचे. आणि जिवंत पेशी सकाळी, ताज्या असतानाच घालायच्या, हे तर बार्ब्रोनेच कितीतरी पोरापोरींना शिकवलं होतं. "पेशी म्हणजे मासळी," ती म्हणायची, "दुपार झाली की बाद."

सकाळी पेशी, दुपारी पाणी. पाकीट न उघडताच तिने यादी वाचली होती.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण रोया त्या आठवड्यात उभ्या उभ्या झोपत होती. सांगितलं असतं तर सोळाही उंदीर आणि वर्षभराची मेहनत पाण्यात. मला नक्की कुठे माहीत आहे, नुसता अंदाजच तर आहे, असं बार्ब्रोने स्वतःला समजावलं. टाके काढून टाकले. पण केस नसलेल्या कातडीवर त्यांच्या खुणा तशाच राहिल्या. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही.

पहिले तीन महिने कुणातच फरक पडला नाही. माणसाच्या पेशी सावकाश वाढतात, घाई त्यांना ठाऊक नाही. नोव्हेंबरच्या शेवटी फरक दिसू लागला, पण उलटाच. सुधारत होते ते उजव्या टाक्यांचे. पाणीवाले. त्यातही चार नंबर, जी खाष्ट सासूसारखी प्रत्येकाला चावायची, तिने डिसेंबरात वीसपैकी नऊ दाणे उचलले, जानेवारीत तेरा. आणि डावखुऱ्या टाक्यांचे, ज्यांच्या मेंदूत ते धागे हिंडत असायला हवे होते, ते चाराच्या आणि पाचाच्या पुढे जाईनात. निसर्ग थोडंफार आपोआप भरून काढतो. म्हणजे या पेशींनी मदत सोडाच, उलट वाट अडवली होती.

सुई रोयाने घातली होती, पण बार्ब्रोची वही पाकीट उघडेपर्यंत तिला बंद होती; कोणते ते नाही, सोळातले सहासात सुधारतायत एवढंच तिच्या कानावर होतं. ती शिट्टी वाजवत जिने चढायची. एप्रिलमध्ये तिचा प्रबंध विद्यापीठाच्या फळीवर खिळ्याने ठोकायचा होता, तशी तिथली रीतच आहे, आणि त्यासाठी रुनेचा हातोडा तिने आधीच मागून ठेवला होता. बार्ब्रो तिच्या नजरेला नजर देईनाशी झाली.

बरं, थोडं सावरून घेणं अवघड नव्हतं. पेटीवर कॅमेरा होता, पण पंजाआड काय चाललंय ते कॅमेऱ्याला दिसत नसे. दाणा ओठाला लागून पडला की ओठात जाऊन पडला, हे फक्त बार्ब्रोला दिसायचं. अकरा नंबरचे तर रोज दोनतीन दाणे असे काठावरचे. एकेक धरला असता तरी गरिबाचे सात झाले असते. दहादा पेन एकावर जाऊन थबकलं. दहादा तिने शून्य लिहिलं आणि दहादा तिला स्वतःचा राग आला.

घरीही तीच तऱ्हा. व्यायाम शिकवणाऱ्या बाईने सांगितल्यापासून रुने रोज संध्याकाळी वीस वाळलेले पिवळे वाटाणे उजव्या हाताने वाटीतून उचलून ताटलीत टाकायचा. मोजायला बार्ब्रो.

"हा धर," रुने म्हणायचा.

"पडला."

"ताटलीच्या काठाला लागून पडला. काठ म्हणजे ताटलीच की."

"शून्य."

"एकतीस वर्षं उंदरांत काढलीस, आता नवऱ्यालाही उंदीर केलंस."

"उंदीर निदान वाद घालत नाहीत."

मग तो हसायचा, आणि हसता हसता हटकून तेच विचारायचा.

"तुझ्या त्या पेशी काय म्हणतात?"

"पाकीट बंद आहे, रुने."

एकदा तो वाटाणा बोटांत धरून तसाच बसून राहिला.

"मला काही त्या मिळणार नाहीत, ते मला कळतं," तो म्हणाला. "माणसांपर्यंत यायला अजून वर्षं जातील. मला एवढंच कळू दे, की गेलेला हात गेलेलाच असतो, की परत यायला वाट असते. वाट असली तर माझ्यासाठी नसू दे. पण असू दे."

बार्ब्रोला उत्तर ठाऊक होतं. ती उठून खिडकीचा पडदा नीट करत बसली.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी पाकीट उघडायचं ठरलं. लेनार्टने बदामाचं सारण आणि मलई भरलेले गोल पाव आणले होते. एरवी हा माणूस पेन्सिलसुद्धा बोटाच्या पेराएवढी होईपर्यंत वापरायचा. रोयाने केस विंचरले होते. हेन्रिक मुलीच्या खोकल्याने अर्धा जागा, अर्धा झोपेत. टेबलाच्या मधोमध ते तपकिरी पाकीट.

लेनार्टने आधी एक छापील कागद बार्ब्रोपुढे सरकवला. दर वेळी असायचा तोच: परीक्षा घेताना मला कोणताही गट माहीत नव्हता. खाली सहीची जागा. एकतीस वर्षांत तिने अशा कितीतरी कागदांवर न वाचता सही केली होती. आज तिने तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. झाकली मूठ सव्वा लाखाची. सही केली असती तर जगात कुणाला कळलं नसतं.

तिने पेनाचं टोपण लावलं.

"मला सही करता येणार नाही."

"का? पेन चालत नाही?" लेनार्ट म्हणाला.

"मला गट माहीत होते. दहाव्या दिवसापासून."

रोयाच्या हातातला पाव तसाच बशीत परत गेला.

बार्ब्रोने सगळं सांगितलं. डावे टाके, उजवे टाके, हेन्रिक, सकाळची मासळी. सांगताना ती रोयाकडे पाहत नव्हती, टेबलावरच्या साखरेच्या भांड्याकडे पाहत होती. "चूक माझी. ऑगस्टमध्येच सांगायला हवं होतं. भीती वाटली."

"सहा महिने," रोया हळूच म्हणाली. "बार्ब्रो, सहा महिने."

लेनार्टने चष्मा काढून पुसला, परत घातला. तो रागावला की आवाज खाली जायचा.

"हा कागद उलटा कर," तो म्हणाला. "मागे लिही. तुझ्या मते पेशी कुणाकुणाला मिळाल्या, ते आठ नंबर."

तिने लिहिले. आठवावं लागलं नाही. दोन, पाच, सहा, नऊ, अकरा, बारा, चौदा, सोळा. लेनार्टने कागदाची घडी करून आपल्या कपाखाली ठेवली. मग पाकीट फोडलं, यादी बाहेर काढली आणि वाचली. मग कपाखालची घडी उघडून दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. बोट एका कागदावरून दुसऱ्यावर नेत तो खाली खाली गेला.

"हेन्रिक," तो म्हणाला, "त्या दिवशी तू सकाळी कुणाला टाके घातलेस?"

"जे समोर आले त्यांना. कुणात काय होतं ते मला कुठे माहीत? साडेबाराला पाळणाघराचा फोन आला आणि मी पळालो."

"रोया, सकाळी पेशी घातल्यास ना?"

रोयाने मान हलवली. "सकाळी पेशी होत्याच कुठे? पहिल्या खेपेतल्या निम्म्या मेलेल्या निघाल्या. दुसरी खेप तयार होऊन यायला दीड वाजला. सकाळ फुकट जाऊ नये म्हणून मी पाणीवाले आधी उरकले." आणि मग तिचं तिलाच उमगलं. तिने तोंडावर हात ठेवला.

"क्रम मिसळायला हवा होता," लेनार्ट म्हणाला.

"माहीत आहे."

"हेही लिहावं लागेल. टाक्यांचंही." पण त्याचा आवाज आता खाली नव्हता. त्याने दोन्ही कागद बार्ब्रोकडे फिरवले. "तुझे आठही चुकलेत. एकूण एक. हे आठ पाणीवाले आहेत."

बार्ब्रोने यादी पाहिली. एक, तीन, चार. चार नंबर. ती खाष्ट सासू. तेरा दाणे.

"म्हणजे उजव्या टाक्यांचे..."

"पेशीवाले. सातजण सुधारलेत, तेरा नंबरने दगा दिला. डावखुऱ्यांतला एकही सहाच्या पुढे नाही." लेनार्ट तिच्याकडे टक लावून पाहत होता. "सहा महिने तुला वाटत होतं की पेशी या आठांत आहेत. त्या जिंकाव्यात असं तुला वाटत होतं ना?"

"जिवापाड," बार्ब्रो म्हणाली.

"आणि तरी तू यांना चार आणि पाच दिलेस."

"मी कशाला देऊ? ते उचलत नव्हते."

लेनार्ट खुर्चीत मागे रेलून मोठ्याने हसला. त्याला असं हसताना हेन्रिकने कधी पाहिलं नव्हतं. "रोया, ऐकलंस? सही नाही तर नाही. हा मागचा कागदच प्रबंधाला जोड. आपली मोजणारी बाई आंधळी नव्हती. डोळे उघडे ठेवून, मन उलट्या बाजूला ओढत असताना तिने हे आकडे लिहिलेत. तिने रोज एक दाणा जरी प्रेमाने जास्त दिला असता, तरी आज आपल्या हातात फारसं काही उरलं नसतं."

रोया उठून आली आणि बार्ब्रोच्या गळ्यात पडून रडली. बार्ब्रोच्या खांद्यावर मलई लागली.

निघण्यापूर्वी बार्ब्रो पिंजऱ्यांच्या खोलीत गेली. अकरा नंबर कोपऱ्यात मुटकुळं करून झोपला होता. तिने झाकण सारून त्याच्या पाठीवरून बोट फिरवलं. त्याने कधी काही वचन दिलं नव्हतं, तिनेच आपली सगळी आशा त्याच्यावर लादली होती. मग ती चार नंबरपाशी गेली. पुढच्या आठवड्यात या सगळ्यांचे मेंदू पाहिले जातील, धागे कुठवर पोचले ते मोजलं जाईल. ते पाहिल्याशिवाय कुणी विश्वास ठेवणार नाही, ठेवूही नये. तिने हातमोज्याचं बोट पुढे केलं. चार नंबरने उजव्या पंजाने ते घट्ट धरलं आणि रीतसर चावा घेतला.

"चाव, बाई," बार्ब्रो म्हणाली. "तुझा हक्क आहे."

गुरुवार होता, म्हणून तिथल्या घरोघरच्या रिवाजाप्रमाणे वाटाण्याचं सूप शिजत होतं. रुने स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसला होता. तिने कोटही न काढता त्याला सगळं सांगितलं, पहिल्या टाक्यापासून शेवटच्या चाव्यापर्यंत. त्याने मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. संपल्यावर तो म्हणाला, "म्हणजे वाट आहे."

"उंदरांच्यात आहे."

"आहे ना पण."

"आहे."

मग डाव्या हाताने त्याने वाटी पुढे ओढली, आणि तिने कोट काढून वही घेतली. एक पडला, एक गेला, तीन पडले. अठराव्या वाटाण्याला त्याची बोटं नेहमीपेक्षा जरा जास्त घट्ट मिटली. हात हवेतून थरथरत ताटलीपर्यंत आला, वाटाणा काठावर टेकला, क्षणभर तिथेच थांबला आणि बाहेरच्या बाजूला टेबलावर घरंगळला.

बार्ब्रोचं पेन कागदावर टेकलं होतं. आज, एवढा एकच. काठ म्हणजे ताटलीच की. तिने एकाची उभी रेघ ओढायला सुरुवातही केली.

"पडला," रुने म्हणाला. "शून्य लिही."

तिने वर पाहिलं. तो तिच्याकडे बघत नव्हता. त्याचा हात पुढच्या वाटाण्याकडे निघाला होता.

बार्ब्रोने रेघ खोडली आणि शेजारी शून्य लिहिलं.